दाण्यांची तिसरी वही

६ मे, मंगळवार

सासूबाईंना जाऊन अठरा दिवस झाले. सुतक फिटल्यावरचा हा पहिला मंगळवार. सकाळी सातलाच दारात चार बायका, प्रत्येकीच्या पदरात घरचे मूठभर गहू. मी म्हटलं, अहो, सुंदराआई गेल्या, सगळ्या बमरोलीला माहीत आहे. त्यातली एक म्हणाली, "माहीत शे माय, पण मंगळवारी पाय इकडेच वळतात." चहा पाजून पाठवल्या. अर्धा लिटर दूध जास्त गेलं.

सुरतेला सून म्हणून आले तेव्हापासून बावीस वर्षं मी हे पाहिलं. मंगळवार-शुक्रवार सासूबाई पुढच्या खोलीत पाटावर बसायच्या. माणूस आपले गहू सुपात टाकायचा. त्या बोटांनी दाणे पसरत राहायच्या, बराच वेळ काही बोलायच्या नाहीत. समोरचा आपणच बोलत सुटायचा. मग त्या सांगायच्या. कधी चुकलं नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं, मी दहावी पास, म्हणून वही माझ्याकडे. "मी सांगस, तू लिख," म्हणायच्या. कोण आलं, काय विचारलं, काय सांगितलं. तोच माणूस पुन्हा आला की आधी मला आतल्या खोलीत नेऊन त्याचं पान वाचायला लावायच्या, हळू आवाजात. देवीच्या कामात इतकी काळजी घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

अशा तीन वह्या झाल्या. पानांना आकडे मीच घातलेत.

९ मे, शुक्रवार

माझा दीर धर्मेंद्र वरच्या मजल्यावर राहतो, त्याचं मोबाइलचं दुकान आहे. आज खाली आला. "भाभी, आईच्या दाण्यांच्या वह्या दे. पावसाळ्यात वाळवी खाईल. प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवतो."

आई होती तेव्हा याने कधी खोकल्याची बाटली आणली नाही. पण गेल्यावर माणसाला कळतं, असं मनाशी म्हटलं आणि दोन दिल्या. तिसरी ठेवून घेतली. तिच्यात पंधरा पानं कोरी आहेत, ती कशाला वाया घालवायची.

२७ मे, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

माझी जाऊ अश्विनी संध्याकाळची आरती चालू असताना घुमायला लागली. केस सुटले. धर्मेंद्रने सासूबाईंचं हिरवं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं. ती सासूबाईंच्या आवाजात बोलली. शेजारच्या बाईला म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी तू मंगळसूत्र गहाण टाकलंस, नवर्‍याला सांगितलं नाहीस." बाईला रडू कोसळलं. हे खरं आहे. ती सांगत होती तेव्हा मी बाजूलाच होते.

अश्विनी या घरात येऊन तीन वर्षं झाली. सासूबाईंचे पाय तिने कधी चेपले नाहीत. शेवटचे चार महिने त्यांचं सगळं अंथरुणातलं मी केलं. आणि आई आल्या कोणाच्या अंगात? आमचे हे भिंतीला टेकून हात जोडून उभे. मीही जोडले. पण मनात जे आलं ते देवीला कळलंच असणार. मला हेवा वाटला.

१० जून, मंगळवार

गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. सासूबाईंचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय, मागे उगवता सूर्य. 'सुंदराआई दाणा दरबार. आई आजही बोलते.' खाली धर्मेंद्रच्या दुकानाचा नंबर. टोकन घ्यावं लागतं. आज चाळीस माणसं. उधन्याहून, लिंबायतहून, एक तर नवसारीहून गाडी करून.

अश्विनीने जिन्यावरून आवाज दिला, "ताई, बारा चहा वर पाठवा. साखर नीट घाला, मागच्या वेळी लोक नावं ठेवत होते."

"लोक चहा प्यायला येतात की आईला भेटायला?" मी म्हटलं.

"तुम्हाला काय कळणार? तुमच्या अंगात कधी आलं का?"

वरून हसण्याचा आवाज. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला जळतंय, अनुसया. घराचं नाव होतंय, होऊ दे." आमचे हे, रामदास, तीस वर्षं कापडाच्या लूमवर आहेत. कानाने कमी ऐकतात आणि भावाचं मात्र सगळं ऐकतात.

४ जुलै, शुक्रवार

आज अक्षर वाकडं येतंय.

चहाचा ट्रे घेऊन वर गेले होते. समोर धुडकूभाऊ बायकोसह बसलेले, गल्लीच्या टोकाला सायकलचं दुकान आहे ते. अश्विनी घुमत होती. म्हणाली, "तुझं जुनं दुखणं पोटाचं. मी ताक प्यायला सांगितलं होतं. पितोस का?"

धुडकूभाऊ गोंधळले. "मन्हं पोट? माय, मन्ह्या पोटाला कधी काही झालं नाही."

"झालं होतं. अंगारा दिला होता."

"अंगारा दिलता, पण तो..." आणि बायकोकडे बघून त्यांनी माझ्या ट्रेतला कप उचलून तोंडाला लावला.

त्यांचं दुखणं काय होतं ते मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी लग्नानंतर चार महिन्यांनी ते एकटे आले होते. पुरुषमाणसाने सासूबाईंसमोर रडत सांगितलेलं ते दुखणं लिहायची मला लाज वाटली. म्हणून मी वहीत लिहिलं, 'पोटाचा विकार'. ताकही मीच लिहिलं, पोटाला शोभेल असं काहीतरी हवं म्हणून. सासूबाईंनी ताकाचं नावही काढलं नव्हतं. हे मी देवाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

सासूबाईंना खरं काय ते माहीत होतं. अश्विनीच्या अंगात आलेल्या सासूबाईंना माझं खोटं माहीत आहे.

म्हणजे तिच्या अंगात माझं अक्षर येतं.

५ जुलै, शनिवार

यांना सांगितलं. सगळं, वह्यांसकट. जेवता जेवता म्हणाले, "अश्विनी तुझ्या वह्या वाचत असेल, वाचू दे. आईचंच बोलणं आहे ना त्यात? आईचं बोलणं आईच्या सुनेने सांगितलं, त्यात पाप कुठे?" आणखी अर्धी भाकरी मागितली.

भाकरी वाढली. मीच वह्या दिल्या. बावीस वर्षांत लोकांनी दार लावून सांगितलेलं सगळं मी आकडे घालून, शाईने, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं.

१५ जुलै, मंगळवार

लक्ष्मण आला होता. मागच्या गल्लीतला, साड्यांचे गठ्ठे टेम्पोने पोचवतो. सोबत दोन भाऊ. त्याची मुलगी शीतल नोव्हेंबरात विकास नावाच्या मुलाबरोबर निघून गेली. मुलगा यवतमाळकडचा, जातीचा नाही. तेव्हापासून लक्ष्मण घरात सरळ बोललेला नाही. त्याची बायको तारा भरल्या घागरीसारखी गप्प झालीय.

त्याने सुपात गहू आपटले. "मन्ही पोर कोठे शे ते सांग, माय. बाकी काय करायचं ते आम्ही दखसूत." भाऊ म्हणाला, "दोघांना एकाच ठिकाणी गाठायचं." हे सगळं देवीच्या फोटोसमोर.

अश्विनीने डोळे मिटले, घुमली, घुमतच राहिली. धर्मेंद्रच बोलला, "पोरीचा प्रश्न अवघड आहे. आई श्रावणात कानबाई बसेल त्या दिवशी सांगेल." लक्ष्मणने टेम्पोची चावी पाटाला लावून परत खिशात घातली. "ठिकाण खरं निघालं तर टेम्पो तुमचा."

ते गेल्यावर धर्मेंद्र खाली. "भाभी, तिसरी वही?"

"कसली?"

"तारा आईकडे आली होती ना, दिवाळीनंतर? माझ्याकडच्या दोन्ही वह्यांत नाही ते."

इतक्या उघडपणे बोलला. आता लपवायचंही कारण उरलं नाही त्याला. हे म्हणाले, "दे ना, एवढं काय?" मी म्हटलं, माळ्यावर आहे, शोधून देते. वही तांदळाच्या डब्याखाली होती. देवा, क्षमा कर.

रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर पान काढलं. पान एकोणचाळीस, १५ नोव्हेंबर, शुक्रवार. 'तारा लक्ष्मण. मुलगी शीतल निघून गेली. उत्तर: सुखरूप आहे. इच्छापोर, पाण्याच्या टाकीमागची चाळ, खोली नऊ. शोधू नका. नवर्‍याला सांगू नका.' सासूबाईंना खोलीचा नंबरसुद्धा दिसला होता. त्याच आठवड्यात त्या इच्छापोरला त्यांच्या जुन्या मैत्रिणीकडे, मंगलाबाईंकडे, दोन दिवस राहून आल्या होत्या, प्रवासाने थकल्या होत्या, तरी इतकं लख्ख दिसलं.

शीतलबद्दल माझं मत चांगलं नाही. आईबापाच्या तोंडाला काळं फासून जाणार्‍या मुलीचं मी कौतुक करणार नाही. माझी लेक गायत्री आम्ही म्हटलं तिथे गेली, नंदुरबारला, तिथे कसं आहे ते ती फोनवर सांगत नाही आणि मी विचारत नाही. पण शिक्षा करायची ती देवाने. लक्ष्मणच्या भावांनी नाही.

१७ जुलै, गुरुवार

यांना म्हटलं, मंगलाबाईंकडे जाऊन येते, सासूबाई गेल्यावर भेटले नाही. खोटं नव्हतं. आधी मंगलाबाईंकडेच गेले. ती चाळ त्यांचीच निघाली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि न विचारताच म्हणाल्या, "नऊ नंबर मागे आहे."

शीतलने दार उघडलं. पोट एवढं पुढे. मला बघून तिने दाराची कडी धरून ठेवली.

"काकू, बापू आलेत का बरोबर?"

"एकटी आहे. पाणी दे आधी."

सांगायचं ते सांगितलं. खोली सोडा, कुठेतरी निघून जा. ती म्हणाली, "कुठे जाऊ? दवाखान्यात वीस तारखेच्या आसपास सांगितलंय. पाय सुजलेत. विकासची कंत्राटी नोकरी आहे, आठ दिवस गेला नाही तर दुसरा उभा करतील."

"आधी विचार करायचा होता."

"केला होता," ती म्हणाली. मान खाली घातली नाही.

शेगडीवर पातेलं होतं. त्यावर कोरलेलं नाव मी लांबूनच ओळखलं. सुंदराबाई निंबा. हे पातेलं दिवाळीपासून घरात सापडत नव्हतं आणि मी अश्विनीला तिच्या तोंडावर चोर म्हटलं होतं. मी विचारलं, हे इथे कसं?

"आजींनी दिलं. पातेलं, दोन ताटं, गोधडी. खोली पण त्यांनीच बघून दिली. घर सोडायच्या आधी मी त्यांच्याकडे तीनदा आले होते, तुम्ही दुपारी झोपायच्या तेव्हा."

"त्यांना सगळं आधीच दिसलं असणार."

शीतल हसली. "आजी म्हणायची, मला काही दिसत नाही पोरी. लोक सांगतात तेच मी नीट लक्षात ठेवते."

मी तिला सांगितलं, मोठी माणसं स्वतःला अशीच लहान करून बोलतात, त्यावर जायचं नसतं. पातेलं परत मागितलं नाही. रिक्षाचे वीस वाचवायला हजीरा रोडपर्यंत चालत आले, उन्हात.

२१ जुलै, सोमवार

चार दिवस धर्मेंद्र रोज वही मागतोय. जाळली म्हटलं तर तो मला विचारेल, काय लिहिलं होतं ते सांग. आणि यांनी आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला तर माझ्या तोंडून खोटं निघणार नाही, मी स्वतःला ओळखते. पान फाडलं तर आकडा तुटेल. काही सापडलं नाही तर अश्विनी मनाने एखादं ठिकाण सांगेल आणि हे लोक तिथे कोणाच्या तरी दारावर जाऊन उभे राहतील.

म्हणून चार दुपारी बसून हे केलं. घरच्या हिशेबासाठी वह्या मी डझनाने घेते, त्याच छापाची एक कोरी होती. दोन्हींच्या पिना चमच्याने उघडल्या. एक जोडपान म्हणजे चार पानं. तिसर्‍या वहीतलं ते जोडपान काढलं, कोर्‍या वहीतलं घातलं आणि चारही पानं पुन्हा लिहिली, तेच शब्द, त्याच रेघेवर. शाई वेगळी दिसू नये म्हणून जुनं पेन गरम पाण्यात बुडवून चालू केलं. फक्त एका ओळीत बदल. इच्छापोर काढलं. पलसाणा, हायवेच्या बाजूला, बंद पडलेल्या मिलच्या मागची वसाहत, खोली चार. ती वसाहत मला माहीत आहे. हे सहा वर्षांपूर्वी तिथे कामाला होते. आता तिथे माणूस नाही, छपरंही नेली लोकांनी.

बावीस वर्षांत मी त्या वह्यांत लाजेखातर एकदाच खोटं लिहिलं होतं. हे दुसरं. आणि हे सासूबाईंच्या नावावर. त्यांचं कधी चुकलं नव्हतं. आता चुकेल, सगळ्यांसमोर, आणि चुकवणारी मी.

जुनं जोडपान चुलीत घातलं. संध्याकाळी वही वर नेऊन दिली. धर्मेंद्रने पानं चाळली, बोट एका जागी थांबलं, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "भाभी, तुझं अक्षर लई सुंदर आहे."

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. दर वर्षी पुढच्या खोलीत माझ्या हाताने बसते, यंदा वर, मांडवासकट, लाइटच्या माळा आणि भाड्याचे स्पीकर. प्रसादाचे रोट मात्र खाली मीच केले. भाऊबंदांपैकी कोणी चाखून विचारलं नाही कोणी केले.

संध्याकाळी सातला अश्विनीच्या अंगात आलं. लक्ष्मण भावांसह पुढे बसलेला, तारा बायकांच्या मागे भिंतीशी. अश्विनीने दाणे उधळले. "पलसाणा... हायवेनी बाजूले... बंद मिलना मांगे... खोली चार."

मी ताराकडे पाहिलं. तिने १५ नोव्हेंबरला खरं ठिकाण स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, हे माझ्या लक्षात होतं. तिच्याकडे जाऊन आधी सांगायला हवं होतं, पण तिच्या घरी कान फार आहेत. आता तिने एक शब्द उच्चारला असता तर सगळं संपलं असतं. तिने मान वर केली, अश्विनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या बोटांवर शाईचा डाग नव्हता, तरी मी हात पदराखाली घेतला.

ती काही बोलली नाही.

लक्ष्मण उठला. पाच माणसं टेम्पोत बसून गेली. एकाच्या हातात गाडीचा रॉड होता, कापडात गुंडाळलेला. कानबाईसमोर मी पाच मिनिटंही हात जोडू शकले नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी विसर्जनाला निघणार तेवढ्यात टेम्पो गल्लीत आला. रात्रभर ते पलसाण्याची एकेक वसाहत धुंडत होते. सगळ्यांच्या पायाला चिखल.

लक्ष्मणने आधी फ्लेक्स ओढून खाली पाडला. मग सूप पायाखाली घेऊन मोडलं. सासूबाईंचं सूप. "कुत्री राहतात तिथे! गवत छातीएवढं! कोठे शे तुमनी आई?"

धर्मेंद्र म्हणाला, "लक्ष्मणभाऊ, आईने ते ताराला नोव्हेंबरात सांगितलं होतं, पोर तिथून हलली असेल..."

"सहा वर्षं बंद शे ती मिल! चौकीदारने सांगितलं. नोव्हेंबरात कोण राहिलं तिथे, भुतं?" मग तो वळला आणि त्याने ताराचा दंड धरला. "तू आली होती ना म्हातारीकडे? तुला काय बोलली होती ती? खरं सांग."

मी दोघांच्या मध्ये जायला पायरी उतरले.

तारा म्हणाली, "पलसाणाच बोलली होती."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"भ्याले." त्याने तिला सगळ्यांसमोर मारलं. ती पडली, उठली, आणि आमच्या दाराकडे तोंड करून ओरडायला लागली. "खोटारडी होती म्हातारी! पोरीचं नाव घेऊन मले फसवलं! लोकांचे गहू खाऊन मेली! किडे पडले असतील तिले!"

घसा फाटेपर्यंत ओरडत होती. बाकीच्या बायकाही सुरू झाल्या. कोणाचा मुलगा नापास झाला होता, कोणाचा जमिनीचा निकाल उलटा लागला होता. इतकी वर्षं हे कोणी बोललं नव्हतं. आमचे हे पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले, "माझ्या आईला शिव्या देऊ नका." मला माहीत होतं तारा का ओरडतेय. तरी प्रत्येक शिवी मला लागली, आणि मला वाटतं तिने त्यातल्या काही मनापासून दिल्या.

कानबाईचं विसर्जन आम्ही चौघांनीच केलं. वाजंत्री नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कोणी आलं नाही.

दुपारी अश्विनी वही घेऊन खाली आली. वही मधोमध उघडून माझ्या पुढ्यात टाकली. "ताई, बाकीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात. ही चार पांढरी कशी?"

मी भाजी निवडत राहिले.

"आपल्याच सासूला खोटं पाडलंत. कुठल्या नरकात जाल?"

"तू कोणाच्या आवाजात विचारतेस, तुझ्या की आईंच्या?"

तिने निवडलेल्या भाजीचं ताट लाथेने उडवलं. संध्याकाळी धर्मेंद्र यांच्याशी जिन्यात अर्धा तास बोलला. हे आत आले ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं तर उचलून पुढच्या खोलीत नेलं, आईच्या फोटोसमोर बसून जेवले. मी तीन वेळा हाक मारली. यांना त्या बाजूने ऐकू येत नाही असं म्हणता येईल, पण तो त्यांचा चांगला कान आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज आठवा दिवस, हे बोलत नाहीत. मी सासूबाईंच्या फोटोला रोज सांगते, शिक्षा द्यायची तर मला द्या. ताप नाही, पडझड नाही, दूधही नासलं नाही. त्यांच्या मनात काय आहे मला कळत नाही. बावीस वर्षं बाजूला बसले तरी कळलं नाही.

दुपारी एक बाई आली. सचिन गावाहून दोन रिक्षा बदलून, पदरात गहू. गल्लीत काय झालं ते तिला माहीत नव्हतं. "सुंदराआईंचं घर हेच ना?"

"आई वारल्या."

"फोनवर सांगितलं होतं, अजून बोलतात."

मी उंबर्‍यात उभी होते. जिन्यावर अश्विनीची पावलं थांबलेली ऐकू आली. मला म्हणता आलं असतं, नाही बोलत, एवढंच. पण हिने जाऊन चार जणींना सांगितलं तर पुन्हा रांग लागेल, पुन्हा वही उघडेल. म्हणून मी मोठ्याने, वर ऐकू जाईल असं म्हटलं, "आईंचं सांगणं खोटं निघालं. त्यांना काही दिसत नव्हतं."

हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. लिहिणं वेगळं होतं.

बाईने गहू तसेच धरून ठेवले. गेली नाही. म्हणाली, "इतक्या लांब आलेय बाई, जरा बसू द्या." आणि पायरीवर बसून बोलायलाच लागली. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. मग मीही खाली बसले. वरून ऐकू जाऊ नये म्हणून तिला आत घेतलं आणि दार लावलं.

तासाभराने ती गेली. नाव मी विचारलं नाही. ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही.